काल चालणारी स्क्रिप्ट आज बंद : पर्सनल सर्व्हरवर मी कुठून शोधायला सुरुवात करते

"स्क्रिप्ट चालत नाहीये" एवढ्यावर काहीच कळत नाही, म्हणून आधी लक्षणं नीट बघू. दरवेळी मी पहिल्यांदा हेच विचारते की नेमकं दिसतंय काय.

पूर्ण कोरं पांढरं पान येतंय, एरर नाही काही नाही. पीएचपीमध्ये (वेबच्या स्क्रिप्टची एक भाषा) याचा अर्थ बहुतेक वेळा असा की फेटल एरर, म्हणजे स्क्रिप्ट जागीच थांबवणारी चूक, आलीये पण स्क्रीनवर दाखवायचं बंद केलेलं आहे, म्हणजे ती लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलमध्ये) पडलेली असणार.

५०० नंबरची एरर. सर्व्हर जिवंत आहे, स्क्रिप्टपर्यंत पोचलाय, पण स्क्रिप्ट आपटली.

५०२. पुढचा वेबसर्व्हर चालू आहे पण त्याच्या मागे जो पीएचपी किंवा पायथन चालवणारा प्रोसेस असतो तो सापडत नाहीये. ५०४ म्हणजे तो सापडला पण वेळेत उत्तर देईना.

४०३ म्हणजे परवानगी नाही, ४०४ म्हणजे फाइलच सापडत नाही. हे दोन त्यातल्या त्यात बरे.

पान अर्ध्यावर तुटतं. फॉर्म भरला की "धन्यवाद" येतं पण डेटा सेव्हच होत नाही. लॉगिन केलं की परत लॉगिनचंच पान. हाताने चालवली की चालते, रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारी यंत्रणा) चालत नाही. दिवसातून चार वेळा चालते आणि पाचव्यांदा नाही, हा सगळ्यात वैताग देणारा प्रकार.

आणि एक लक्षण असं की ते दिसलं तर पुढचं वाचू नका, आधी वेबसर्व्हर बंद करा : ब्राउझरमध्ये स्क्रिप्टचा कोडच दिसायला लागलाय किंवा स्क्रिप्टची फाइल डाउनलोड होतेय. सिस्टम अपग्रेडनंतर पीएचपीचं मॉड्यूल निघून गेलं की असं होतं, वेबसर्व्हरला ती नुसती टेक्स्ट फाइल वाटते. त्या फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेला असेल तर तो आता जगाला दिसलाय असं धरून चाला आणि सगळं ठीक झाल्यावर तो बदला, विसरू नका.

माझ्याकडे स्वतःचा एक छोटा सर्व्हर आहे, त्यावर संपर्काचा फॉर्म, खर्चाची वही, फोटोंचं पान आणि रात्रीचा बॅकअप अशा चारपाच स्क्रिप्ट वर्षानुवर्षं चालतात आणि वर्षातून दोनतीनदा त्यातली एखादी तरी बसते, शिवाय मित्रमंडळींच्या बसलेल्या स्क्रिप्टही माझ्याकडेच येतात. इतक्या वेळा हे केल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीये. जी स्क्रिप्ट काल चालत होती आणि तुम्ही तिला हात लावला नाही, तिचा कोड बिघडलेला नसतो. तिच्या आजूबाजूचं काहीतरी हललेलं असतं. त्यामुळे एडिटर उघडून कोड वाचत बसणं हे सगळ्यात शेवटचं काम, आणि आपण सगळे नेमकी तिथूनच सुरुवात करतो. मीही करायचे.

सुरुवातीलाच दोन सूचना. काहीही बदलण्याआधी त्या फोल्डरची आणि डेटाबेसची कॉपी काढून सर्व्हरच्या बाहेर ठेवा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, बदललेलं कागदावर लिहा, उपयोग झाला नाही तर परत होतं तसं करा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं तर कशाने चालू झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत शून्यापासून. कमांड मी इथे आपण बोलताना म्हणतो तशा लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी अक्षरांत टाका.

सगळ्यात आधी फुकटातली परीक्षा

फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान उघडा, किंवा ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोत. तिथे चालतंय? मग सर्व्हरला दोष देऊ नका, तुमच्या ब्राउझरचा कॅश, जुनी कुकी किंवा तुमच्या नेटवर्कचं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बघा. एकदा मी दीड तास सर्व्हरवर घालवला होता आणि शेवटी कळलं की माझाच आयपी माझ्याच फायरवॉलने ब्लॉक केलाय, कारण आदल्या दिवशी मी पासवर्ड पाचसहा वेळा चुकवला होता. असो.

सगळीकडेच बंद असेल तर तीन पायऱ्यांची परीक्षा घ्या. ही मला सगळ्यात आवडते, पाच मिनिटांत निम्मं जंगल साफ होतं. त्याच फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा, आत "नमस्कार" एवढंच, आणि ती ब्राउझरमध्ये उघडा. उघडली नाही तर भानगड वेबसर्व्हर, डोमेन किंवा सर्टिफिकेटची, स्क्रिप्टचा काही संबंध नाही. उघडली तर दुसरी फाइल, त्याच भाषेतली एका ओळीची स्क्रिप्ट जी फक्त आजची तारीख छापते. ही आपटली तर भाषा चालवणारी यंत्रणाच बसलीये. हीसुद्धा चालली तर तिसरी, जी फक्त डेटाबेसला जोडून "जोडलं" असं म्हणते. तिन्ही चालल्या तरच तुमच्या मूळ स्क्रिप्टकडे या. आणि काम झालं की या चाचणीच्या फाइली पुसून टाका, विशेषतः पीएचपी-इन्फोचं पान कोणी ठेवलं असेल तर, कारण त्यात तुमच्या सर्व्हरची आख्खी कुंडली असते.

काय बदललं ते विचारा

"मी काहीच केलं नाही" हे वाक्य मला रोज ऐकू येतं आणि ते खरंही असतं, माणसाने काही केलेलं नसतं, सर्व्हरने स्वतःच केलेलं असतं. उबंटू किंवा डेबियनवर ऑटोमॅटिक अपडेट चालू असतील तर रात्री पॅकेज बदलतात, आणि त्याची नोंद व्हार-लॉग-एपीटी फोल्डरमधल्या हिस्टरी-लॉग फाइलमध्ये तारीख-वेळेसकट असते. ती उघडा आणि स्क्रिप्ट बंद पडली त्या सुमाराला काय अपग्रेड झालं ते बघा. शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेकांनी वाटून घेतलेला) असाल तर मेलबॉक्समध्ये होस्टिंगवाल्यांचे न वाचलेले मेल शोधा, "आम्ही जुनी आवृत्ती बंद करत आहोत" असा मेल दोन महिन्यांपूर्वी येऊन पडलेला असतो, आपण तो जाहिरात समजून सोडलेला असतो.

शिवाय गेल्या दोन दिवसांत कुठल्या फाइली बदलल्या ते फाइंड कमांडला एमटाइम लावून बघता येतं. यादीत तुम्ही न केलेला बदल दिसला तर ते लक्षात ठेवा, शेवटी त्यावर बोलू.

डिस्क भरलीये का

हसू नका. मला आलेल्या केसमध्ये सगळ्यात जास्त वेळा हेच निघालंय, आणि तपासायला दहा सेकंद लागतात. डीएफ -एच मारा, डिस्क किती भरलीये ते दिसतं. कुठे १०० टक्के दिसलं तर तिथेच थांबा, उत्तर मिळालं.

हे का महत्त्वाचं ते सांगते, कारण भरलेली डिस्क "मी भरले" असं कधी म्हणत नाही. माझी खर्चाची वही एकदा अशी बसली की लॉगिन केलं की परत लॉगिनच. पासवर्ड बरोबर, कुकी येतेय, लॉगमध्ये नवीन ओळ नाही. मी कोडमध्ये घुसले, सेशनचा भाग तीन वेळा वाचला, दोन ठिकाणी बदल केले (जे नंतर उलटे फिरवावे लागले), आणि मग सहज डीएफ मारलं तर १०० टक्के. पीएचपी प्रत्येक लॉगिनसाठी सेशनची एक छोटी फाइल डिस्कवर लिहितं, लिहायला जागाच नाही म्हणून सेशन टिकत नव्हतं. आणि लॉगमध्ये ओळ का नाही, तर लॉग लिहायलाही जागा नव्हती. वर गंमत अशी की मी रूट युजरने (सर्व्हरवरचा सर्वाधिकारी) टेस्ट फाइल बनवली तर ती व्यवस्थित बनत होती, म्हणून डिस्कवर माझा संशय गेलाच नाही. ईएक्सटी-४ फाइलसिस्टम साधारण ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, बाकीच्यांची जागा संपली तरी रूटचं चालतं.

जागा दिसतेय तरी "नो स्पेस लेफ्ट" म्हणतंय असं झालं तर डीएफ -आय मारा, त्यात आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणारी एकेक नोंद, दिसतात. लाखो बारक्या बारक्या फाइली साठल्या, जुन्या सेशनच्या किंवा कॅशच्या, की जागा शिल्लक असूनही आयनोड संपतात.

आणि जागा रिकामी करताना चालू असलेली लॉग फाइल नुसती डिलीट करू नका. प्रोसेसने ती उघडून धरलेली असते, नाव जातं पण जागा सुटत नाही, मग डीयू (फाइलींच्या आकाराची बेरीज करणारी कमांड) म्हणतं जागा आहे आणि डीएफ म्हणतं नाही, आणि आपण मध्ये. फाइल ट्रंकेट करून रिकामी करा, किंवा केलीच असेल डिलीट तर ती सर्व्हिस रीस्टार्ट करा. लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप बाजूला काढणारं टूल) लावलेलं नसेल तर ते लावा, नाहीतर सहा महिन्यांनी परत याच जागी.

लॉग वाचा, पण नीट

आता एरर लॉग. अपाचेचा डेबियन-उबंटूवर व्हार-लॉग-अपाचे-टू फोल्डरमध्ये असतो, एनजिनएक्सचा त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये, पीएचपी-एफपीएमचा वेगळा, शेअर्ड होस्टिंगवर पॅनलमध्ये "एरर लॉग" नावाने. माझी पद्धत अशी की एका बाजूला टेल -एफ (नवीन ओळी येतील तशा दाखवणारी कमांड) लावून लॉग उघडा ठेवायचा, दुसऱ्या बाजूला ब्राउझरमध्ये पान एकदाच रिफ्रेश करायचं, आणि त्या क्षणी जी ओळ टपकते ती आपली. पूर्ण लॉग वर खाली करत बसलात तर बॉट लोकांच्या शेकडो एररमध्ये हरवाल.

एकदम दहा ओळी आल्या तर पहिली वाचा, शेवटची नाही. पहिली पडझड खरी असते, बाकीच्या तिच्यामुळे पडलेल्या विटा.

काही ओळी इतक्या वेळा बघितल्यात की पाठ झाल्यात. "अलाउड मेमरी साइज ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड" हा भीतीदायक आकडा म्हणजे फक्त १२८ एमबी, पीएचपीची डिफॉल्ट मर्यादा. वाढवता येते, पण आधी विचार करा की कालपर्यंत १२८ मध्ये भागत होतं ते आज का भागेना, बहुतेक टेबल फुगलेलं असतं आणि स्क्रिप्ट सगळ्या ओळी एकदम मेमरीत ओढत असते. "हेडर्स ऑलरेडी सेंट" म्हणजे पान पाठवायला सुरुवात झाल्यावर कुकी किंवा रीडायरेक्ट पाठवायचा प्रयत्न झाला, आणि कारण अनेकदा इतकं क्षुल्लक की रडू येतं : कोणीतरी फाइल नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह केली आणि सुरुवातीला बीओएम नावाचे ३ अदृश्य बाइट चिकटले. "एंड ऑफ स्क्रिप्ट आउटपुट बिफोर हेडर्स" हे सीजीआय (वेबसर्व्हरने स्क्रिप्ट थेट प्रोग्रॅमसारखी चालवायची जुनी पद्धत) वाल्यांसाठी, म्हणजे स्क्रिप्ट काही छापायच्या आधीच मेली, तीच स्क्रिप्ट टर्मिनलवर थेट चालवून बघा, खरी एरर तिथे दिसेल.

लॉगमध्ये काहीच येत नसेल तर तेही एक उत्तरच आहे. एकतर रिक्वेस्ट इथपर्यंत पोचतच नाहीये, किंवा तुमच्या साइटचा लॉग वेगळ्या फाइलमध्ये जातोय (कॉन्फिगमध्ये प्रत्येक साइटचा वेगळा असू शकतो), किंवा वरची डिस्कवाली गोष्ट.

लॉग बघायच्या ऐवजी स्क्रीनवर एरर दाखवायचं चालू करायचा मोह होतो. चालू करा, पण पाच मिनिटांसाठी, आणि आठवणीने बंद करा.

आवृत्ती बदलली का

हा सगळ्यात मोठा भाग आहे कारण "मी काही केलं नाही" वाल्यांपैकी बरेच जण इथे सापडतात.

पीएचपीचं घ्या. ७.४ चा अधिकृत सपोर्ट २८ नोव्हेंबर २०२२ ला संपला आणि त्यानंतर होस्टिंगवाल्यांनी हळूहळू लोकांना ८ वर ढकललं. जुन्या स्क्रिप्टमध्ये मायएसक्यूएल-कनेक्ट वगैरे जुनी फंक्शनं असतील तर ती ७.० मध्येच, म्हणजे २०१५ मध्ये, काढून टाकलीयेत. ईच आणि क्रिएट-फंक्शन ८.० मध्ये गेली. काउंटला नल दिलं तर आधी फक्त कुरकुर करायचं, ८ मध्ये सरळ मरतं. लॉगमध्ये "अनडिफाइन्ड फंक्शन" दिसलं की फंक्शनचं नाव बघा. ते एमबी ने सुरू होत असेल किंवा मायएसक्यूएल-आय चं असेल तर फंक्शन गेलेलं नाही, नवीन आवृत्तीबरोबर त्याचं एक्स्टेन्शन (पीएचपीला जोडायचा वेगळा भाग) बसवायचं राहिलंय. ८.२ बसवलं म्हणून ८.२ चं एमबीस्ट्रिंग आपोआप येत नाही, ते वेगळं पॅकेज असतं.

इथे एक सापळा आहे. टर्मिनलवर पीएचपी -व्ही मारलं की जी आवृत्ती दिसते ती टर्मिनलची. वेबसाठी वेगळी असू शकते, त्यांच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलीही वेगळ्या असतात. म्हणून "टर्मिनलवर तर चालतेय" हा पुरावा धरू नका, मगाशी केलेल्या एका ओळीच्या स्क्रिप्टमधूनच आवृत्ती छापा.

एनजिनएक्सवर ५०२ येत असेल आणि अपग्रेड झालेलं असेल तर मी आधी सॉकेट (वेबसर्व्हर आणि पीएचपी एकमेकांशी बोलतात ती जागा) बघते. कॉन्फिगमध्ये अजून ७.४ च्या सॉकेटचा पत्ता लिहिलेला असतो आणि सर्व्हरवर आता ८.२ ची सॉकेट असते, म्हणजे जुन्याच पत्त्यावर पत्र पाठवणं चाललंय. पत्ता बदला, एनजिनएक्स -टी मारून कॉन्फिग तपासा आणि मगच रीलोड करा. न तपासता रीस्टार्ट केलं आणि कॉन्फिगमध्ये एक सेमीकोलन राहिला असेल तर आतापर्यंत एक स्क्रिप्ट बंद होती, आता सगळं बंद.

पायथनवाल्यांनो, पायथन २ ला १ जानेवारी २०२० ला पूर्णविराम मिळाला, आणि सीजीआय नावाचं जुनं मॉड्यूल ३.१३ मध्ये काढून टाकलंय, त्यामुळे जुनी फॉर्मवाली स्क्रिप्ट "नो मॉड्यूल नेम्ड" म्हणून बसू शकते. ऑपरेटिंग सिस्टम अपग्रेड केल्यावर जुनं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (स्क्रिप्टच्या लायब्रऱ्यांचा स्वतंत्र फोल्डर) दुरुस्त करत बसू नका, ते पुसून नवीन बनवा आणि रिक्वायरमेंटच्या यादीतून परत इन्स्टॉल करा. यादी नसेल तर... आता तरी बनवा. पर्लवाले अजून असतील कोणी तर ५.२६ पासून चालू फोल्डर मॉड्यूल शोधायच्या यादीतून काढलाय, शेजारची मॉड्यूल फाइल "सापडत नाही" म्हणेल.

परमिशन आणि अदृश्य अक्षरं

परमिशन म्हणजे फाइल कोणी वाचायची, लिहायची, चालवायची ते सांगणारे आकडे. फोल्डर ७५५, साध्या फाइली ६४४, सीजीआय स्क्रिप्ट असेल तर ७५५, आणि मालक कोण ते एलएस -एल ने बघा. रूट होऊन फाइल कॉपी केली की मालक रूट होतो, मग स्क्रिप्टला तिच्याच डेटा फाइलमध्ये लिहिता येत नाही. हे फार होतं, विशेषतः बॅकअपमधून परत आणल्यावर.

कुठेतरी वाचून ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा) करू नका. हात जोडून सांगते. एकतर ते घर उघडं टाकून बाहेर जाण्यासारखं आहे, आणि दुसरं म्हणजे बऱ्याच शेअर्ड सर्व्हरवर सू-एक्झेक (स्क्रिप्ट तिच्या मालकाच्या नावाने चालवणारं) असतं, ते ७७७ वाली स्क्रिप्ट चालवायलाच नकार देतं आणि उलट ५०० देतं. म्हणजे उपाय म्हणून केलं आणि तोच आजार झाला. रेड हॅट घराण्यातली सिस्टम असेल आणि परमिशन सगळ्या बरोबर दिसत असूनही नकार येत असेल तर एसई-लिनक्सचं (परमिशनच्या वरची आणखी एक सुरक्षा) लेबल बघा, होम फोल्डरमधून मूव्ह करून आणलेली फाइल जुनं लेबल घेऊन येते. रीस्टोर-कॉन चालवलं की बसतं. एसई-लिनक्सच बंद करून टाकू नका.

ओळीच्या शेवटची अक्षरं. विंडोजवर फाइल एडिट करून चढवली की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचं न दिसणारं अक्षर येतं. मग पहिल्या ओळीतला इंटरप्रिटरचा पत्ता चुकतो आणि लिनक्स म्हणतं "नो सच फाइल", आणि फाइल तर डोळ्यांसमोर असते! सापडत नाहीये तो इंटरप्रिटर, तुमची फाइल नाही. डॉस-टू-युनिक्स चालवा, संपलं.

फक्त क्रॉनमध्येच चालत नाही

क्रॉनचं जग लहान असतं. त्याचा पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) साधारण यूएसआर-बिन आणि बिन एवढाच, तुमच्या लॉगिनमधली कुठलीही सेटिंग त्याला माहीत नसते, चालू फोल्डरही तुमचा नसतो. म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमचा आणि फाइलचा पूर्ण पत्ता लिहा, आणि आउटपुट व एरर दोन्ही एका फाइलमध्ये वळवा, नाहीतर तो आतल्या आत मरतो आणि तुम्हाला कळत नाही.

माझा रात्रीचा बॅकअप आठवडाभर बंद होता आणि मला पत्ताच नव्हता. केलं काय होतं, तर क्रॉनच्या ओळीत फाइलच्या नावात तारीख यावी म्हणून डेट कमांड घातली होती, टक्क्याचं चिन्ह असलेली. टर्मिनलवर ती ओळ मस्त चालली, म्हणून निवांत होते. क्रॉनमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे ओळ संपली, त्यापुढचं सगळं तो कमांडला इनपुट म्हणून देतो. प्रत्येक टक्क्याच्या आधी बॅकस्लॅश टाकला आणि सुटला प्रश्न. मी तर आता तारीख वगैरे स्क्रिप्टच्या आतच ठेवते, क्रॉनच्या ओळीत फक्त स्क्रिप्टचा पत्ता. वेळेचंही बघा, सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर तुमचे रात्रीचे दोन आणि त्याचे दोन वेगळे.

बाहेरच्या जगाशी बोलणारी स्क्रिप्ट

स्क्रिप्ट दुसऱ्या साइटवरून काही आणत असेल किंवा मेल पाठवत असेल तर तीच गोष्ट टर्मिनलवरून कर्लने (वेबचं पान मागवणारी कमांड) करून बघा. सर्टिफिकेटची तक्रार आली तर तीन शक्यता. सर्व्हरचं घड्याळ चुकलंय, टाइमडेट-सीटीएल मारून कळेल. समोरच्याचं सर्टिफिकेट संपलंय. किंवा तुमच्या सर्व्हरकडची विश्वासू संस्थांची यादी जुनी झालीये, ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं तेव्हा कितीतरी जुन्या सर्व्हरवरच्या स्क्रिप्ट एका रात्रीत बसल्या होत्या, ब्राउझरमध्ये तीच साइट व्यवस्थित उघडत होती. अशा वेळी सर्टिफिकेट तपासणंच बंद करायचा सल्ला सगळीकडे मिळतो. नका करू, सीए-सर्टिफिकेट्स पॅकेज अपडेट करा.

तुमचं स्वतःचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) असेल तर ते ९० दिवसांचं असतं आणि नूतनीकरण आपोआप होतं असं आपण धरून चालतो. सर्टबॉटला (हे नूतनीकरण करणारं टूल) ड्राय-रन, म्हणजे नुसती रंगीत तालीम, लावून बघा, होतंय का खरंच. संपत आल्याची आठवण करून देणारे मेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केलेत, त्यामुळे आता कोणी सांगणार नाही.

मेलसाठी एवढंच की बरेच व्हीपीएसवाले (भाड्याने आभासी सर्व्हर देणारे) २५ नंबरचं, म्हणजे मेल बाहेर पाठवायचं, पोर्ट बंद ठेवतात. स्क्रिप्टने "पाठवला" म्हटलं म्हणजे गेला असं नाही, मेलचा लॉग बघा.

डेटाबेस

हे मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण इथे चूक महाग पडते. सर्व्हिस चालू आहे का ते आधी सिस्टम-सीटीएल स्टेटसने बघा. बंद असेल तर लगेच चालू करायची घाई नको, का बंद पडली ते डीमेसेजमध्ये (सिस्टमच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड) बघा. "आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस" दिसलं तर सर्व्हरची रॅम संपली आणि कर्नलने सगळ्यात जाड गिऱ्हाईक शोधून मारलं, छोट्या सर्व्हरवर ते बहुतेक वेळा मायएसक्यूएलच असतं. "कधी चालते कधी नाही" या लक्षणामागे मला हेच कितीदा सापडलंय. थोडी स्वॅप (रॅम संपल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) द्या, पीएचपीचे एकावेळी चालणारे प्रोसेस कमी करा.

एका मैत्रिणीचा अभिप्रायाचा फॉर्म एक दिवस अचानक बंद झाला. जुने अभिप्राय दिसतायत, नवीन जात नाही. डिस्क ठीक, आवृत्ती तीच, परमिशन ठीक, आजूबाजूचं काहीच हललेलं नाही, म्हणजे माझाच सिद्धांत मोडीत निघायची वेळ. लॉगमध्ये ओळ होती : "डुप्लिकेट एंट्री १२७". फॉर्म तर तिने कालच बघितला होता, चालत होता. मग टेबलाची रचना बघितली, आयडीचा कॉलम टायनी-इंट. त्यात १२७ च्या पुढे आकडाच मावत नाही, १२८ वा अभिप्राय आला आणि दार बंद. बॅकअप घेतला, कॉलम साध्या इंटचा केला, पाच मिनिटांचं काम. कोडची एक ओळ बदलली नाही, फक्त डेटा वाढला होता.

असाच दुसरा प्रकार, काही लोकांचाच मेसेज जात नाही. मराठीत लिहिलेलं जातं, इंग्रजी जातं, पण कोणी इमोजी टाकला की एरर. मायएसक्यूएलच्या जुन्या यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट मिळतात, देवनागरी अक्षर ३ मध्ये बसतं, इमोजीला ४ लागतात. टेबल यूटीएफ-८-एमबी-४ करा, आणि जोडणीतही तेच सांगा, नुसतं टेबल बदलून भागत नाही.

कुठे थांबायचं

काही गोष्टी दिसल्या की मी स्वतःही हात काढून घेते.

तुम्ही न बनवलेल्या पीएचपी फाइली दिसल्या, अपलोडच्या फोल्डरमध्ये स्क्रिप्ट सापडली, कोडच्या सुरुवातीला बेस-६४ चा अगम्य लांबलचक गठ्ठा दिसला, किंवा क्रॉनमध्ये अनोळखी ओळ, तर सर्व्हर हॅक झालाय. ती एक फाइल पुसून मोकळं व्हाल तर दोन दिवसांत परत येईल. साइट बंद करा, काही पुसू नका, जाणकाराला बोलवा.

"रीड-ओन्ली फाइलसिस्टम" किंवा डीमेसेजमध्ये आय-ओ (वाचण्या-लिहिण्याची) एरर. डिस्क जातेय. पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करू नका, जेवढा डेटा वाचता येतोय तेवढा आधी बाहेर काढा आणि होस्टिंगवाल्यांना गाठा.

डेटाबेस सुरूच होत नाहीये, लॉगमध्ये करप्शनचा उल्लेख आहे आणि बॅकअप नाहीये. इंटरनेटवर सक्तीने रिकव्हरी करायची एक सेटिंग सापडेल, तिचे मोठे आकडे डेटा कायमचा खराब करू शकतात. यासाठी पैसे मोजा.

लोकांचे पैसे किंवा खाजगी माहिती त्या स्क्रिप्टमधून जात असेल तर प्रयोगच नको.

शेअर्ड होस्टिंगवर ४०३ येतोय आणि तुमच्या बाजूने सगळं ठीक असेल तर तो बहुधा त्यांच्या फायरवॉलचा नियम असतो, तुम्हाला तो दिसणारही नाही, टिकिट टाका. आणि यातलं काहीच नसेल पण दोन तास झालेत आणि तुम्ही तीच फाइल चौथ्यांदा वाचताय, तरीही थांबा. त्या अवस्थेत मी एकदा चुकून चालू फोल्डरवर जुना बॅकअप ओतला होता.

बोलावताना "चालत नाही" असा मेसेज नका पाठवू. पानाचा पूर्ण पत्ता, शेवटची एरर आली ती नेमकी वेळ आणि टाइमझोन, लॉगमधली ती ओळ जशीच्या तशी कॉपी केलेली, शेवटची चालली ती तारीख, आणि तुम्ही काय काय बदलून बघितलंत ती यादी, लाज वाटणाऱ्या बदलांसकट. मुख्य पासवर्ड मेलमध्ये टाकू नका, तात्पुरतं वेगळं खातं करून द्या आणि काम झालं की ते बंद करा.